किडकिडी स्टेपनी

कवळीकाकांना कवळी नव्हती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण नाव ऐकलं की नवा माणूस पहिल्यांदा त्यांच्या तोंडाकडेच बघायचा. त्यांचे स्वतःचे दात या वयातही जागच्या जागी होते, आणि काका हसले की ते सगळेच्या सगळे हजेरी लावून जायचे. कवळ्या ते दुसऱ्यांसाठी बनवायचे. दाताचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन पाठवत, आणि काका घरामागच्या खोलीत बसून प्लास्टर, मेण आणि गुलाबी मसाल्याच्या जोरावर त्या माणसाची पुन्हा चावायची सोय करून देत.

काकूही त्याच खोलीत त्यांच्या शेजारी बसायच्या. काकांनी दात लावायचे आणि काकूंनी ते खरे वाटतील असे करायचे, अशी वाटणी होती. काका शिस्तीचे. त्यांनी लावलेले दात पट्टी धरून ओढलेल्या रेघेसारखे यायचे. मग काकू म्हणायच्या, "अहो, माणसाचं तोंड आहे हे, शाळेतली कवायत नाही," आणि पुढचा एखादा दात केसभर वाकडा करून ठेवायच्या. त्या केसभर वाकडेपणासाठीच डॉक्टर लोक दुसरीकडे न जाता काम त्यांच्याकडे पाठवत. काकांना हे माहीत होतं आणि त्यांनी ते काकूंना कधी बोलून दाखवलं नव्हतं. नवरे दाखवत नाहीतच.

आता गाडीचं. काकांना आयुष्यात एकच वेड लागलं, पण लागलं ते पुरतं. एका म्हाताऱ्या पेशंटच्या घरामागे, कोंबड्यांच्या खुराड्याला टेकून, एक जुनी स्पोर्ट्स कार सडत पडली होती. दोनच सीटा, कापडी छप्पर, आणि बुटकी इतकी की आत बसलं की शेजारून जाणाऱ्या सायकलवाल्याचं फक्त पॅडल दिसावं. काका कवळी पोचवायला गेले आणि गाडी ओढत घेऊन आले. सीटखालून पहिली वस्तू निघाली ते अंडं. "चला, नाश्त्याची तरी सोय झाली," काकू म्हणाल्या. त्यानंतर कित्येक वर्षं काकांचा रिकामा वेळ त्या गाडीने खाल्ला. काकू कुरकुरायच्या, पण बेत दोघांचा होता. काम कमी झालं की छप्पर उघडं टाकून तळ्याच्या रस्त्याने फिरायला जायचं. आणि रविवारी नाही, रविवारी काय सगळेच जातात. जायचं ते कामाच्या दिवशी, लोक ऑफिसात माना मोडून बसलेले असताना.

गाडी पुरी झाली, बाटलीच्या रंगाची हिरवी, आणि त्याच वर्षी काकूंच्या पायांनी संप पुकारला. नसांचा काही आजार होता. डॉक्टरांना त्याचं नाव सांगता यायचं, औषध सांगता यायचं नाही. हात शाबूत होते, जीभ तर हातांहून शाबूत होती; पण भिंत धरून खोलीतल्या खोलीत फिरण्यापलीकडे पाय साथ देईनात. बाहेर पडायचं तर घडीची चाकांची खुर्ची. मागच्या खोलीत जाताना मध्ये एक पायरी होती, तिथे त्यांना धरून चढवावं लागे. "मला कशाला उचलत बसता," असं म्हणून काकूंनी मागच्या खोलीत येणंच सोडलं. त्या पुढच्या खिडकीशी बसू लागल्या. खिडकीतून अंगण दिसायचं, आणि अंगणात कव्हराखाली झाकलेली गाडी.

अडचण सगळी डिकीत होती. गाडीची डिकी ती केवढी, आणि तिच्यात भलंमोठं पाचवं चाक, म्हणजे स्टेपनी, मांडी ठोकून बसलेली. स्टेपनी आत असली की खुर्ची मावेना, खुर्ची ठेवली की स्टेपनी मावेना. दोन्ही एकावर एक ठेवून बघितलं तर डिकीचं झाकण आ वासून उभं.

"स्टेपनी घरी ठेवू," काका म्हणाले.

"आणि वाटेत पंक्चर झालं तर?"

"कुणाला तरी फोन करू."

"तळ्याच्या रस्त्यावर फोन लागतो?"

लागत नव्हता. हे दोघांनाही माहीत होतं.

"मग खुर्ची घरी ठेवू. मी धरेन की तुला."

काकूंनी नुसतं त्यांच्याकडे बघितलं. काकांनी विषय बदलला.

काकूंचा धाकटा भाऊ, म्हणजे काकांचा मेहुणा, हा प्रत्येक गोष्टीवर तोडगा असलेला माणूस होता. त्याने आधी डिकीच्या झाकणावर बाहेरून कॅरियर बसवायला लावला. खुर्ची वर बांधली तर झाकणाचा पत्रा दबला आणि काकूंना ते ध्यान पाहून हसू आवरेना. "बिऱ्हाड हलवतोय असं वाटतंय," त्या म्हणाल्या. कॅरियर उतरला. मग मेहुण्याने दुसरा तोडगा काढला. बाजारातला चष्म्याचा दुकानदार कधीपासून त्या गाडीवर डोळा ठेवून होता. "भाऊजी, उभी राहून गंजण्यापेक्षा चांगल्या घरी पडेल," तो म्हणाला, जशी काही गाडी लग्नाची होती. आणि नवल म्हणजे काकूंनीही मान हलवली. "देऊन टाका हो. किती दिवस झाकून ठेवणार?" चष्मेवाला महिनाअखेरच्या रविवारी उत्तर घ्यायला येणार असं ठरलं.

काका तिथून उठले. मागच्या खोलीत जाऊन एक अख्खी वरची कवळी त्यांनी सरळ रेघेत लावून टाकली. वाकडा करायला शेजारी कुणी नव्हतं. गाडी जाण्याचं दुःख होतंच, पण त्याहून मोठं दुसरं होतं. बेत जाणार होता. म्हातारपणासाठी त्या दोघांनी केलेला तेवढा एकच बेत होता.

तोडगा सापडला तो भलत्याच ठिकाणी. गाडीच्या चाकांत हवा भरायला काका टायरवाल्याकडे गेले होते. विकायची तर चांगल्या अंगाने विकावी, एवढाच विचार. तिथे एका नव्या गाडीच्या डिकीतून टायरवाल्याने स्टेपनी काढली आणि काका बघतच राहिले. चाक इतर चाकांएवढंच उंच, पण अंगाने निम्मंसुद्धा नाही. उपाशी ठेवल्यासारखं. त्यावर पिवळी चिठ्ठी: हळू चालवा, तात्पुरता वापर.

"हे असलं मिळतं?" काकांनी विचारलं.

"नव्या गाड्यांना असंच येतं, काका. जागा वाचते. पण तुमच्या गाडीला कुठलं बसायला? तिचे बोल्ट चार, आत्ताच्यांचे बहुतेक पाच. आणि चार असले तरी त्यांच्यातलं अंतर जुळायला पाहिजे. मधलं भोक जुळायला पाहिजे. जुनी लोखंडी रिम शोधा एखादी, अशी किडकिडी. त्यावर टायर मी नवा चढवून देतो, तुमच्या बाकीच्या चाकांच्या उंचीचा."

"शोधतो."

"टेप देऊ का? अंतर मोजून न्या."

"आकडा तोंडात बसत नाही," काका म्हणाले. "कवळी बसते."

आणि त्यांनी तेच केलं जे त्यांना येत होतं. घरी येऊन गाडी मागून जॅकवर चढवली, चाक काढलं, आणि ज्यावर चाक बसतं त्या हबचं, चार बोल्टांसकट, माप घेतलं. दाताचं घेतात तसंच. पातेलंभर गुलाबी मसाला कालवला, हबवर थापला, घट्ट होऊ दिला, अलगद सोडवला, आणि त्यात प्लास्टर ओतलं. सकाळी त्यांच्या हातात हबचा पांढराशुभ्र साचा होता. आता कुठल्याही भंगारात जायचं, किडकिडं चाक दिसलं की साच्यावर ठेवायचं. बसलं तर बसलं.

त्या सगळ्या खटपटीत एकदा जुनी स्टेपनीही बाहेर काढावी लागली. ती काढून झाल्यावर काका कुणी बघत नाही असं बघून अंगणाच्या पायरीवर जरा वेळ बसले. कंबरेवर हात आपोआपच गेला. मग उठून कामाला लागले.

गावाबाहेर गाड्यांचं भंगार होतं. त्याच्या मालकाला सगळे हवालदार म्हणत. पोलिसात तो कधीच नव्हता, पण फाटकाशी उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला असा न्याहाळायचा की माणसाने खिसे दाखवावेत. त्याच्याकडची प्रत्येक वस्तू ओरिजिनल असायची. गंजलेला आरसा ओरिजिनल, तुटका दिवा ओरिजिनल. काका पिशवीतून साचा काढून उभे राहिले तेव्हा हवालदाराने तो उलटसुलट केला.

"हे काय? गाडीला कवळी बसवताय?"

बोलताना त्याच्या तोंडात टक्कटक्क असा बारीक आवाज झाला. काकांचे कान टवकारले. हा आवाज त्यांनी आयुष्यभर ऐकलेला. वरची कवळी, टाळूला सैल, बहुधा जुनी.

"तुमची जरा सैल झालीय वाटतं," काका सहज म्हणून गेले.

"काय सैल झालीय?"

"वरची."

हवालदाराचा चेहरा दगडासारखा झाला. "माझे सगळे ओरिजिनल आहेत," तो म्हणाला, आणि पुन्हा टक्क वाजलं.

काकांनी जीभ चावली आणि मूग गिळून आत गेले. सकाळपासून त्यांनी गाड्यांच्या सांगाड्यांत डोकं घातलं. शर्टाची पार वाट लागली. साच्यावर चाकामागून चाक ठेवून झालं. पाच भोकांची तर बघायचीच नाहीत, चार भोकांची बघायची. एकाची भोकं आत, दुसऱ्याची बाहेर, तिसऱ्याचं मधलं भोक चिमुकलं. आणि दुपारी एका चपट्या गाडीच्या डिकीत एक बारकुडी रिम सापडली ती साच्यावर ठेवली, आणि चारी बोल्ट चारी भोकांतून असे वर आले की काकांनी एकट्यानेच टाळी वाजवली.

घरी येईपर्यंत त्यांना दम नव्हता. खिडकीत काकू होत्या. "बघ आता," असं ओरडून काकांनी गाडी पुढून उचलली, पुढचं चाक काढलं आणि किडकिडी रिम चढवली. बसली. नट आवळले. मग ऐटीत त्यांनी ती हाताने फिरवली.

खर्रर्र.

रिम अर्धा वेढा फिरली आणि अडली. काकांनी वाकून बघितलं. पुढच्या चाकांच्या ब्रेकला लोखंडी चिमट्यासारखा कॅलिपर होता, आणि रिमची आतली कड त्याच्यावर घासत होती. मागच्या चाकांना तो चिमटा नव्हताच, तिथे साधा गोल डबा. साचा मागच्या चाकाचा होता.

खिडकीतून आवाज आला. "बाइट घेतला होता का?"

काकांच्या तोंडात कुणी मारल्यासारखं झालं. खालच्या जबड्याचं माप घेतलं, वरच्याचं घेतलं, आणि दोन्ही एकमेकांवर टेकतात कसे तेच बघितलं नाही, तर कवळी कितीही सुबक असो, माणसाला घास चावता येत नाही. यालाच बाइट म्हणतात. हाताखाली शिकायला येणाऱ्या पोरांना काका हे डोळे वटारून सांगत आले होते.

"विसरलो," ते म्हणाले.

"तुम्ही विसरलात?" काकूंना इतका आनंद झाला की तो लपवणंही त्यांना जमेना. "मला मागच्या खोलीत घेऊन चला. असा साचा तुमच्या एकट्याचं काम नाही."

"पायरी आहे," काका म्हणाले.

"मग धरा की मला. नवीन आहे का काही?"

काकांनी धरलं. काकू कित्येक महिन्यांनी आपल्या जुन्या स्टुलाऐवजी खुर्चीत, पण आपल्या जुन्या जागी बसल्या. आधी त्यांनी काकांनी नुकत्याच लावून ठेवलेल्या कवळीकडे बघितलं, मेण गरम केलं आणि पुढचा एक दात केसभर वाकडा केला. मग म्हणाल्या, "हं. आणा ते माप."

पुढच्या हबचं, ब्रेकच्या चिमट्यासकट, माप घेणं म्हणजे चेष्टा नव्हती. एवढं प्लास्टर ओतलं असतं तर साचा उचलायला दोन माणसं लागली असती. काकूंनी युक्ती काढली. हब प्लास्टरचा, आणि चिमट्याचा नुसता बाहेरचा आकार पातळ मेणाच्या पत्र्याचा, आतून पोकळ. मेण वाकवायचं काम त्यांच्या बोटांचं. काका अंगणात जाऊन माप बघून यायचे, काकू मेण गरम करून मुडपायच्या, काका ते घेऊन पुन्हा अंगणात. "जरा आत." "किती?" "घासणार नाही इतकं." दोघांचे हात गुलाबी झाले, काकूंच्या कपाळालाही गुलाबी लागलं, चहा दोनदा गार झाला. काका मधेच थांबले आणि म्हणाले, "तू शेजारी नसलीस की माझे दात सरळ येतात."

"मला माहितीये," काकू म्हणाल्या. "हात हलवा, मेण गार होतंय."

त्या दिवशी काकांना गाडीचा चक्क विसर पडला होता.

पण रविवार काही विसरायला तयार नव्हता. चष्मेवाला यायला एक आठवडा उरला तरी नव्या साच्यावर बसेल अशी रिम सापडेना. काका साचा टोपलीत कापडात गुंडाळून नेत, मेण उन्हाने वितळू नये म्हणून वर ओला टॉवेल. हवालदार आता त्यांना बघून फाटक उघडायचा, पण बोलायचा नाही. तोंड उघडलं की आवाज होतो, हे त्याला कळून चुकलं होतं. गाड्यांची रांग संपली. जी किडकिडी चाकं भोकांत बसत होती ती सगळी चिमट्याला घासत होती. शनिवारी दुपारी काकांनी हात टेकले. टोपली उचलली आणि फाटकाकडे निघाले.

फाटकावर, दोन खांबांच्या मध्ये तारेने बांधलेलं एक चाक लोंबत होतं. पांढऱ्या रंगाने रंगवलेलं. भंगाराची पाटी म्हणा, खूण म्हणा. लोक पत्ता सांगताना 'पांढऱ्या चाकाचं फाटक' असंच सांगायचे. काका आठवडाभर त्याच्या खालून जात येत होते. आज मान वर झाली ती केवळ कंटाळ्याने, आणि ते जागीच थांबले. एरवी चाक बघायचं तर माणूस समोरून बघतो. हे चाक आडवं लोंबत होतं, आणि खालून त्याची आतली बाजू दिसत होती. उघड्या तोंडात वरचा जबडा दिसावा तशी. रिम बारीक होती, भोकं चार होती, आणि आतली बाजू चांगली खोल, फुगीर होती.

"हवालदार," काका म्हणाले, "ते चाक खाली घ्या."

"ती पाटी आहे माझी." टक्क.

"नुसतं ठेवून बघतो."

हवालदाराने कुरकुरत शिडी लावली. रंग खरवडून काकांनी रिम साच्यावर ठेवली. बोल्ट वर आले. हळूच फिरवली. रिम मेणाच्या चिमट्यावरून सुळ्ळकन गेली, मेणाला ओरखडाही पडला नाही. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते येऊ दिलं.

"कुठल्या गाडीचं आहे हे?"

"काय की. वडिलांच्या वेळेपासून लटकतंय." हवालदाराने हनुवटी खाजवली. "पण देणार नाही. पाटी गेली तर लोकांना फाटक कसं सापडणार?"

काका विचारात पडले. मग म्हणाले, "मी दुसरं चाक देतो. याच्या दुप्पट रुंद, लांबून दिसेल. जुन्या स्पोर्ट्स कारचं." जरा थांबून त्यांनी पुढचं जोडलं, "ओरिजिनल."

हवालदाराने पुन्हा हनुवटी खाजवली. एकदा मागे वळून बघितलं, आसपास कुणी नाही याची खात्री केली, आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "आणि ते... वरचं?"

"वरचं मी मंगळवारपर्यंत घट्ट करून देतो. कुणाला कळणार नाही."

"कळायला आहे काय," हवालदार म्हणाला, "माझे सगळे ओरिजिनल आहेत," आणि हात पुढे केला.

टायरवाल्याने संध्याकाळी त्यावर नवा टायर चढवला, आणि 'हळू चालवा'ची तसलीच पिवळी चिठ्ठीही चिकटवून दिली. रविवारी सकाळी चष्मेवाला आणि मेहुणा अंगणात आले तेव्हा गाडीवर कव्हर नव्हतं. छप्पर उघडं होतं, डिकीत तळाला किडकिडी स्टेपनी निजली होती, तिच्यावर घडीची खुर्ची, आणि डिकीचं झाकण बंद होतं. काकू पुढच्या सीटवर बसलेल्या. चढताना छप्पर उघडं असल्याचा फायदा झाला होता; काचेची चौकट धरून त्यांना स्वतःला आत सोडता आलं होतं.

"हे काय, भाऊजी?" मेहुणा म्हणाला.

"फिरायला निघालोय."

चष्मेवाला भला माणूस होता. त्याने गाडीला एक फेरी मारली, डिकीवर हात फिरवला, आणि म्हणाला, "पुढच्या वर्षी विचारतो."

"विचारा की," काकू म्हणाल्या. "विचारायला काय जातंय."

त्या दिवशी पंक्चर वगैरे काही झालं नाही. तितकी नाटकी गाडी ती नव्हतीच. काका-काकू तळ्यावर गेले, खुर्ची काढली, काठाकाठाने फिरले, काकूंनी काकांच्या गाडी हाकण्याला नावं ठेवली, फार पळवता म्हणाल्या, आणि परत आले. मग कामाचे दिवस आले, आणि बेत ठरला होता तसा अमलात येऊ लागला. सकाळचं मेण-प्लास्टर दोघं मिळून आटपायची, आणि ऑफिसं भरली की हिरवी गाडी निघायची. फाटकावर आता रुंद चाक लोंबायचं आणि त्याखाली हवालदार न वाजता बोलायचा, जरुरीपेक्षा जास्तच.

पंक्चर झालं ते सगळे विसरून गेल्यावर. तळ्याहून परत येताना पुढचं चाक फसकन बसलं. रस्ता मोकळा, फोन मुका. काकांनी गाडी कडेला घेतली, आणि खोटं कशाला बोला, त्यांना मनातून आनंदच झाला. इतकी खटपट केलेली वस्तू एकदा वापरायला मिळणार होती. त्यांनी काकूंना खुर्चीत बसवून झाडाच्या सावलीत नेलं, चाकाचं झाकण त्यांच्या मांडीवर दिलं, आणि एकेक नट काढून त्यात टाकू लागले. काकू ते नट ओळीने लावून ठेवत होत्या, मागच्या खोलीत दात लावत तसे.

पंक्चर चाक उतरवून काकांनी ते बाजूला आडवं केलं. मग किडकिडी स्टेपनी एका हाताने उचलली आणि चढवली. हाताने फिरवली. आवाज नाही.

"किती हलकी आहे," काकू म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज कापला. काकांनी वळून बघितलं.

"काय झालं?"

"खरं सांगू? त्या जुन्या स्टेपनीची मला धडकी भरायची. तुम्ही ती काढून पायरीवर कंबर धरून बसला होतात. तुम्हाला वाटलं कुणी बघितलं नाही. मी खिडकीत होते. आधीही एकदा बघितलं होतं. रस्त्यात तुम्ही असे खाली बसलात तर मी खुर्चीतून काय करणार, सांगा? हाक मारायला कुणी नाही. म्हणून म्हणत होते, गाडी देऊन टाका."

काका पाना हातात धरून तसेच उभे राहिले. "मला वाटलं, तुला गाडीचा कंटाळा आला."

"गाडीचा नाही हो. मी मेली रोज खिडकीत बसून तिच्याकडेच बघत होते."

काका पुन्हा चाकाकडे वळले. त्यांनी नट आवळले, ते जरा जास्तच आवळले. मग काकूंना सीटवर बसवलं, खुर्ची घडी करून डिकीत ठेवली, आणि पंक्चर झालेलं चाक डिकीकडे लोटत नेलं. तिथे ते थांबले.

डिकीतून निघाली होती किडकिडी स्टेपनी. आत जायचं होतं ते रुंद चाक. किडकिडीच्या जागेत ते मावणार कसं? साचे काढले, बाइट घेतला, मेण मुडपलं, आठवडाभर भंगार उपसलं, आणि एवढी साधी गोष्ट दोघांच्याही डोक्यात आली नव्हती. टायरवाल्याच्याही नाही. मेहुण्याच्यासुद्धा नाही. काकांनी चाक एकदा खुर्चीवर ठेवून बघितलं. झाकण आ वासून उभं.

"इथेच टाकून देऊ," ते म्हणाले. "उद्या येऊन घेऊन जाईन."

"उद्यापर्यंत राहतंय होय इथे? आणा इकडे."

"कुठे?"

काकूंनी आपल्या मांडीवर थोपटलं.

"अगं, काहीतरीच काय. जड आहे. माखलंय."

"इतके दिवस सगळे मलाच उचलतायत," काकू म्हणाल्या. "डॉक्टर उचलतायत, भाऊ उचलतोय, तुम्ही उचलताय. आज मी उचलते. आणा."

गाडी बुटकी होती याचा पहिल्यांदाच उपयोग झाला. काकांनी चाक लोटत दारापर्यंत आणलं, आणि काकूंनी दोन्ही हात घालून ते आत ओढलं, पायांपाशी टेकवून मांडीवर घेतलं. हात त्यांचे शाबूतच होते. सगळ्या कपड्यांना काळं लागलं. त्यांनी चाकाला मिठी मारली आणि हनुवटी वर टेकवून म्हणाल्या, "चला. आणि चिठ्ठी वाचलीय ना? हळू."

काकांनी आयुष्यात गाडी इतकी हळू चालवली नव्हती. ट्रक पुढे गेले, स्कूटर पुढे गेली. मग एक सायकलवाला बरोबरीला आला, आणि मांडीवरच्या त्या अगडबंब ओझ्याकडे बघून त्याने विचारलं, "काकू, हे काय घेऊन बसलात?"

"आमचं धाकटं," काकू म्हणाल्या. "झोपलंय. घंटी वाजवू नका."

तो हसत हसत पुढे गेला, आणि काकाही हसले ते सगळे दात दाखवून. घरी पोचेपर्यंत ऑफिसं सुटायची वेळ झाली होती. अंगणात गाडी थांबवून काका उतरले, वळसा घालून आले, आणि चाक घ्यायला त्यांनी हात पुढे केले.

काकूंनी चाक सोडलं नाही. "एवढ्यात कशाला?" त्या म्हणाल्या. "हळूच जायचंय ना? मग अजून एक चक्कर मारू."